आयएएस, आयपीएस, आयएफएस लिहून झाल्यावर चौथ्या रकान्यात काय भरायचं?

प्रश्न असा आला आहे: "मी परभणीजवळच्या गावचा. वय २७, बी.कॉम., ओबीसी. यंदा यूपीएससीची प्रिलिम्स निघाली. सेवांचा पसंतीक्रम लिहायला बसलो की आयएएस, आयपीएस, आयएफएस एवढं लिहून हात थांबतो. पुढच्या सेवांची नावं माहीत आहेत, तिथं काम काय असतं ते माहीत नाही. घरी आईची तब्येत बरी नसते, त्यामुळे महाराष्ट्रापासून फार लांब राहणं अवघड. वडील म्हणतात, हे सगळं सोड आणि एमपीएससी कर. काय करू?"

मी भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवेतून निवृत्त झाले. पसंतीक्रमाच्या याद्या घेऊन येणाऱ्या मुलामुलींशी माझं बरंच बोलणं होतं, आणि जवळपास प्रत्येक यादीत एक गोष्ट सारखी दिसते. पहिल्या तीन नावांवर महिनाभर खल झालेला असतो. खालची पंधरा-सोळा नावं कुणा मित्राच्या यादीवरून, नाहीतर गेल्या वर्षी कुठली सेवा कितव्या रँकला बंद झाली ते बघून, दहा मिनिटांत उतरवलेली असतात.

आता आकडे बघा. २०२४ च्या परीक्षेतून एकूण ११२९ जागा भरायच्या होत्या. त्यांत आयएएस १८०, आयएफएस म्हणजे परराष्ट्र सेवा ५५ आणि आयपीएस १४७, म्हणजे तिन्ही मिळून ३८२. उरलेल्या ७४७ जागा बाकीच्या सेवांच्या होत्या, ६०५ गट अ च्या आणि १४२ गट ब च्या. आकडे दरवर्षी हलतात, पण चित्र साधारण हेच राहतं. यादीत नाव आलेल्या तिघांपैकी दोघं त्या दहा मिनिटांत भरलेल्या रकान्यांतच जातात आणि तिथं तीस-बत्तीस वर्षं काढतात. म्हणून तुमचा खरा प्रश्न चौथ्या रकान्यापासून सुरू होतो, आणि तो तुम्ही विचारलात हे बरं केलंत.

आधी नियम. पसंतीक्रम एकदा दिला की बदलता येत नाही. ज्या सेवेला पसंती दिली नाही, तिच्यासाठी तुमचा विचार होत नाही. वाटप होतं ते रँक, तुमचा क्रम, प्रवर्गातल्या जागा आणि वैद्यकीय तपासणी या चौघांच्या मेळातून. आयपीएस, रेल्वे संरक्षण दल आणि दिल्ली-अंदमानची पोलीस सेवा यांचे शारीरिक निकष वेगळे आहेत. आयपीएसला पुरुषांची उंची १६५ सेंटिमीटर आणि स्त्रियांची १५० लागते, अनुसूचित जमातींना त्यात सवलत आहे. रंग ओळखण्यात अडचण असेल तर आताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. आणखी एक, तुमच्या प्रवर्गासाठी: केंद्राची ओबीसी यादी आणि राज्याची यादी वेगळी आहे, दाखल्याचा नमुनाही वेगळा आहे. राज्याचा नॉन क्रिमीलेयर दाखला हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पगाराचा मुद्दा एका वाक्यात संपतो: गट अ ची कुठलीही सेवा घ्या, सुरुवात वेतनस्तर १० वर, म्हणजे ५६,१०० रुपये मूळ वेतनावरच होते. पुढे बढतीच्या वेगात फरक पडतो. तोही सहाव्या वेतन आयोगानंतर पैशापुरता कमी झाला. केंद्रात आयएएसची एखादी बॅच ज्या वेतनस्तरावर नेमली गेली, तिच्याहून दोन वर्षं ज्येष्ठ असलेल्या इतर संघटित गट अ सेवांच्या अधिकाऱ्यांना, पद तेच राहिलं तरी, तो वेतनस्तर मिळू शकतो. खुर्ची मिळत नाही, पगार मिळतो. काहींना हे पुरतं, काहींना आयुष्यभर टोचत राहतं. आपण यांतल्या कुठल्या प्रकारातले आहोत हे यादी भरण्याआधी ओळखलेलं बरं.

पहिल्या तिन्हींवर थोडंच बोलते, कारण त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आयएएस आणि आयपीएस या राज्यघटनेच्या कलम ३१२ खालच्या अखिल भारतीय सेवा. भरती केंद्र करतं, काम राज्याच्या केडरमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या राज्याच्या अधिकारीवर्गात. महाराष्ट्राच्या मुलाला महाराष्ट्र केडर मिळेलच असं नाही. थेट भरतीत स्वतःच्या राज्यातले एक आणि बाहेरचे दोन असं प्रमाण आहे, त्यामुळे नागालँड किंवा तामिळनाडू मिळालं तर पूर्ण नोकरी तिकडचीच, आणि आईला भेटायला वर्षातून दोनदा यायचं. हे डोळे उघडे ठेवून लिहा. आयएफएस अखिल भारतीय सेवा नाही, पण तिथं तर निम्म्याहून जास्त नोकरी देशाबाहेर जाते. तुमच्या घरची स्थिती तुम्ही सांगितली आहे ती खरी असेल, तर आयएफएस तिसऱ्या क्रमांकावर केवळ रिवाज म्हणून आली आहे. ती तिथून काढायला कुणाची परवानगी लागत नाही. आयपीएसचंही तसंच. पोलिसाचं काम मनापासून आवडणारी मुलं असतात, त्यांनी ती पहिलीसुद्धा लिहावी. पण "आयएएस नाही तर आयपीएस" असं म्हणणाऱ्याला रात्री तीनला दंगलीच्या जागी उभं राहायचं आहे का, हे विचारलं की बऱ्याचदा उत्तर येत नाही. लाल दिवा तर १ मे २०१७ पासून सगळ्यांच्याच गाड्यांवरून उतरला.

आता चौथा रकाना.

बहुतेक याद्यांत इथं आयकराची आयआरएस, म्हणजे भारतीय महसूल सेवा, असते, आणि तुमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या मुलाला ती खरोखरच शोभते. प्रशिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत. पुढे सहायक आयुक्त, उपायुक्त, सहआयुक्त करत आयुक्तापर्यंत आणि त्याच्या वर. देशात सर्वांत जास्त प्रत्यक्ष कर महाराष्ट्रातून जमा होतो, त्यामुळे मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशी पदांची संख्या इथं मोठी आहे. बदल्या देशभर होतात, पण घराजवळ येण्याची शक्यता या सेवेत इतरांपेक्षा जास्त. कामाचं स्वरूप मात्र चित्रपटात दिसतं तसं नसतं. छापे टाकणारी अन्वेषण शाखा आहे, पण अधिकाऱ्यांचा मोठा वेळ कर निर्धारण, अपिलं, न्यायाधिकरणासमोर बाजू मांडणं आणि वसुली यांत जातो. २०१९ पासून निर्धारण चेहराविरहित होत गेलं. करदाता समोर बसत नाही, आपली फाइल कोणत्या शहरातल्या कोणत्या अधिकाऱ्याकडे गेली हेही त्याला कळत नाही. ज्यांना समोरच्या माणसावर वजन टाकायची हौस होती त्यांचा विरस झाला, ज्यांना कायदा आवडतो त्यांना काम जास्त स्वच्छ झालं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा जुना आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा लागू आहे, म्हणजे तुमची बॅच नव्या कायद्यावर घडणाऱ्या पहिल्या काही बॅचमधली असेल. ज्येष्ठांनाही कलमांचे नवे क्रमांक पाठ करावे लागणार, तेव्हा तुम्ही फार मागे नसाल.

दुसरी आयआरएस सीमाशुल्क आणि अप्रत्यक्ष करांची. नाव सारखं असल्यानं मुलं दोन्ही एकाखाली एक लिहून मोकळी होतात. काम पुष्कळ निराळं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर या सेवेचं निम्मं जग बदललं, कारण कर आता राज्याच्या अधिकाऱ्यांबरोबर वाटून घ्यावा लागतो. उरलेलं जग सीमाशुल्काचं: न्हावाशेवा बंदर, मुंबई विमानतळ, मालाचं वर्गीकरण, मूल्यांकन, तस्करी. महसूल गुप्तचर संचालनालयातली नेमणूक म्हणजे खरी पोलिसी. गणवेश आहे, पाळ्या आहेत, रात्र आहे. कागदाइतकीच वस्तूंत ज्याला गोडी आहे त्यानं ही वर घ्यावी.

माझ्या स्वतःच्या सेवेबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, ते समजून घ्या.

लेखापरीक्षा सेवा नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या हाताखाली येते. कलम १४८ नं निर्माण केलेलं हे पद सरकारच्या बाहेर आहे, आणि त्यामुळे या सेवेतला अधिकारी कुठल्याच मंत्र्याला थेट उत्तर देत नाही. प्रशिक्षण सिमल्याला. नंतर उपमहालेखापाल म्हणून एखाद्या राज्यात पहिली नेमणूक होते. महाराष्ट्रात महालेखापालांची कार्यालयं मुंबईला आणि नागपूरला आहेत. काम असं: तुमची पथकं जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन फायली तपासतात, हाफ मार्जिन काढतात, म्हणजे कागदाच्या अर्ध्या भागात शंका लिहून उरलेला अर्धा भाग उत्तरासाठी कोरा ठेवतात. उत्तर पटलं नाही तर तपासणी अहवालात पॅरा, म्हणजे आक्षेपाचा परिच्छेद, येतो. त्यातले गंभीर पॅरे गाळत-घासत विधिमंडळासमोरच्या किंवा संसदेसमोरच्या अहवालात जातात, आणि मग लोकलेखा समिती सचिवांना बोलावते. एका जलसंधारण योजनेवरचा पॅरा तयार करताना तुम्ही पाणलोटापासून निविदेपर्यंत सगळं शिकता. पुढच्या वर्षी रुग्णालयांची यंत्रखरेदी, त्यानंतर विद्यापीठं. कुतूहल असलेल्या माणसाला यापेक्षा चांगली नोकरी मला माहीत नाही. लंडन, वॉशिंग्टन आणि क्वालालंपूरला आपल्या लेखापरीक्षेची कार्यालयं आहेत, जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थांची लेखापरीक्षाही आपल्या महालेखापरीक्षकांनी केली आहे, त्यामुळे परदेशातलं कामही वाट्याला येऊ शकतं. कार्यालयं बहुतेक राजधानीच्या किंवा मोठ्या शहरांत, त्यामुळे मुलांच्या शाळा आणि घरच्यांचे डॉक्टर यांची आबाळ कमी होते.

उणी बाजूही ऐका. तुम्ही काही बांधत नाही, वाटत नाही, कुणाचं काम करून देत नाही. जे घडून गेलं त्यावर बोट ठेवता. कार्यालयात शिरलात की चहा मिळतो, हसू मिळत नाही. गावाकडचे नातेवाईक विचारतात, "म्हणजे नक्की काय करतेस?", आणि दहा वर्षं समजावूनही पुढच्या लग्नात तोच प्रश्न येतो. २०१० मधला २जी स्पेक्ट्रमचा अहवाल देशभर गाजला, तसा अहवाल पिढीतून एखादा. बाकीचे शेकडो पॅरे उत्तराची वाट बघत कपाटात पडतात. हे सोसायची तयारी असेल तर ही सेवा वर घ्या. माणसांची कामं हातोहात करून देण्यात ज्याला आनंद आहे, त्यानं ती खाली ठेवावी, मला वाईट वाटणार नाही.

रेल्वेचं प्रकरण मध्यंतरी गोंधळाचं झालं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळानं रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करून भारतीय रेल्वे व्यवस्थापन सेवा करायचं ठरवलं. पुढे अभियंत्यांची भरती पुन्हा अभियांत्रिकी सेवा परीक्षेकडे गेली आणि नागरी सेवा परीक्षेतून ट्रॅफिक, अकाउंट्स आणि पर्सोनेल या शाखा उरल्या. ट्रॅफिक म्हणजे रेल्वेचा कणा. गाड्या चालवणं, मालवाहतूक मिळवणं, स्टेशनं सांभाळणं. मध्य रेल्वेचे पाचही विभाग, मुंबई, भुसावळ, नागपूर, पुणे आणि सोलापूर, महाराष्ट्रात मुख्यालय असलेले आहेत, आणि तुमची परभणी दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. पण ट्रॅफिकच्या अधिकाऱ्याचा फोन रात्री बंद नसतो. मालगाडी घसरली, पावसात रूळ वाहून गेला, सणाच्या गर्दीत फलाट भरून वाहू लागला, की घर सोडायचं. माणसांचा ताफा, हुकूम आणि त्याच दिवशी दिसणारा परिणाम हे सगळं इथं आहे. "कलेक्टरसारखं काम" हवं असणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते की त्याच्या सर्वांत जवळ जाणारी केंद्रीय सेवा ही आहे. अकाउंट्स आणि पर्सोनेल त्या मानानं शांत.

संरक्षण खात्याशी जोडलेल्या दोन सेवा महाराष्ट्रातल्या मुलांनी विशेष बघाव्यात, आणि त्याच कमी बघितल्या जातात. संरक्षण लेखा सेवा: लष्कराचे पगार, निवृत्तिवेतन, खरेदीची देयकं, आणि वरच्या पातळीवर लष्करी कमांडना आर्थिक सल्ला. दक्षिण कमांडचं लेखा कार्यालय पुण्यात, सेवेची अकादमीही पुण्यात. वाणिज्य शाखेच्या मुलाला विषय परका नाही. नावाला वलय कमी, पण निवृत्त जवानाच्या विधवेचं अडकलेलं पेन्शन सोडवता येतं, आणि ते समाधान लहान नसतं. दुसरी संरक्षण संपदा सेवा, छोटी, थोड्या जागांची. छावणी परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी या सेवेतले असतात: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर. पंचविशी-तिशीतल्या अधिकाऱ्याकडे पाणी, कचरा, शाळा, दवाखाना, बांधकाम परवाने असं अख्खं गाव येतं. मात्र छावण्यांतली नागरी वस्ती शेजारच्या पालिकांत विलीन करण्याची प्रक्रिया सुरू आहे. ती पुढे गेली तर या सेवेत पालिका कमी आणि संरक्षण खात्याच्या जमिनीचं व्यवस्थापन जास्त उरेल. जमिनीच्या कज्ज्यांत रस असेल तर तेही वाईट नाही.

बाकीच्यांवरून वेगानं जाते. टपाल सेवेत लवकरच मोठा विभाग आणि शेकडो माणसं हाताखाली येतात. टपाल खात्याला आता बँक, विमा आणि पासपोर्टचीही कामं असल्यानं ग्रामीण भागाशी नातं ठेवू इच्छिणाऱ्याला ही सेवा शोभते. नागरी लेखा सेवा १९७६ मध्ये लेखापरीक्षेपासून लेखा वेगळा काढल्यावर जन्मली. ती जवळपास दिल्लीचीच, बहुतेक मंत्रालयांचे पैसे तिच्या संगणक प्रणालीतून जातात. दूरसंचार आणि टपालाची वित्त सेवा परवाना शुल्क आणि स्पेक्ट्रमचा महसूल बघते. कॉर्पोरेट विधी सेवेत कंपनी निबंधक आणि अवसायक, म्हणजे बंद होणाऱ्या कंपनीचा कारभार मिटवणारा अधिकारी, होता येतं. कंपनी कायदा ज्याला आवडतो त्याच्यासाठी ही लपलेली चांगली जागा आहे, आणि बी.कॉम. म्हणून तुम्ही तिच्याकडे बघायला हवं. व्यापार सेवा लहान, आयात-निर्यात धोरणाची. माहिती सेवा सरकारच्या प्रसिद्धीची, लिहिता-बोलता येणाऱ्यांसाठी. रेल्वे संरक्षण दल म्हणजे गणवेश, रेल्वेच्या मालमत्तेचं आणि प्रवाशांचं रक्षण, पण पोलीस ठाण्याचा व्याप नाही.

गट ब च्या सेवांवर तुमच्या बाबतीत विचार करायला हवा. दिल्ली-अंदमान-निकोबार नागरी सेवेत प्रांताधिकाऱ्याचं काम मिळतं, आणि बऱ्याच वर्षांनी आयएएसमध्ये नेमणुकीची वाटही आहे. पण सुरुवात वेतनस्तर ८ वर, ४७,६०० पासून, आणि नोकरी दिल्ली, अंदमान, लक्षद्वीप किंवा दादरा-नगर हवेली, दमण-दीव इकडेच. सशस्त्र दल मुख्यालय नागरी सेवा तर मुख्यत्वे दिल्लीतल्या टेबलाची. आईजवळ राहायचं असेल तर या दोन्हीपेक्षा महाराष्ट्रातलं उपजिल्हाधिकारीपद केव्हाही बरं, आणि इथं तुमच्या वडिलांचा मुद्दा येतो.

वडील चुकीचं सांगत नाहीत. फक्त "हे सोडून ते कर" असं म्हणायची गरज राहिलेली नाही. २०२५ पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली: मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची, निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, एक वैकल्पिक विषय. जवळपास यूपीएससीचाच आराखडा. पूर्वी वस्तुनिष्ठ प्रश्नांची तयारी वेगळी करावी लागे, ती कटकट उरली नाही. महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल, राज्याचं अर्थकारण एवढी भर घातली की एका अभ्यासावर दोन्ही परीक्षा होतात. उपजिल्हाधिकाऱ्याचं मूळ वेतनही ५६,१०० पासूनच सुरू होतं, अधिकार प्रत्यक्ष जमिनीवरचा, आणि राज्याबाहेर जावं लागत नाही. राज्यातल्या आयएएसच्या वरिष्ठ पदांचा सुमारे तिसरा हिस्सा बढतीनं भरला जातो, म्हणून काही उपजिल्हाधिकारी पुढे आयएएस होतात. त्यात दीड-दोन दशकं सहज जातात, पण मिळणारं केडर महाराष्ट्रच. पोलीस उपअधीक्षक, राज्यकर सहायक आयुक्त, गटविकास अधिकारी, वित्त व लेखा सेवा, तहसीलदार, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असे पर्याय त्याच यादीत आहेत. यांपैकी राज्यकर आणि वित्त व लेखा या दोन्ही तुमच्या पदवीशी जुळतात. गैरसोय एकच, वेळापत्रक. जाहिरात, निकाल, नियुक्ती यांत अनेकदा वर्षं जातात, आणि निकाल लागूनही नियुक्तीपत्राची वाट बघणारी मुलं तुम्हाला अभ्यासिकेतच भेटतील.

वयाबद्दल एक गोष्ट क्लासमध्ये कुणी सांगत नाही. यूपीएससीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३२, ओबीसींना ३५, अनुसूचित जाती-जमातींना ३७. अटेम्प्ट खुल्याला ६, ओबीसींना ९. एमपीएससीला तर खुल्याला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३. हे आकडे बघून मुलं म्हणतात, वेळ आहे. पण ज्याला आपण प्लॅन बी म्हणतो, ती दारं आधी बंद होतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या सहायक कमांडंटची मर्यादा २५, ओबीसींना २८, म्हणजे तुमच्यासाठी ते दार बंद व्हायच्या बेतात आहे. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी ची ३०, ओबीसींना ३३. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतलं सहायक लेखापरीक्षा अधिकाऱ्याचं पद, तेही माझ्याच खात्यातलं आणि वेतनस्तर ८ चं, ३० पर्यंत, ओबीसींना ३३. "यूपीएससी संपली की बघू" असं म्हणणाऱ्याच्या हाती पस्तिशीला यांतलं काहीच राहत नाही. वर्षातून एक-दोन अशा परीक्षा तयारी चालू असतानाच द्या, वेगळे दोन महिने पुरतात. मुलाखतीपर्यंत जाऊन निवड न झालेल्यांची माहिती त्यांच्या संमतीनं आयोग प्रतिभा सेतू या पोर्टलवर नोकरी देणाऱ्या संस्थांना दाखवतो. ती संमती देऊन ठेवा, त्यात काही खर्च नाही.

"मिळेल ती सेवा घेतो आणि पुन्हा परीक्षा देतो" हा विचारही तुमच्या मनात असेल. आयएएस किंवा आयएफएसमध्ये असलेल्याला पुन्हा बसता येत नाही, आयपीएसवाल्याला पुन्हा आयपीएस मिळत नाही. इतर गट अ सेवांतून पुन्हा परीक्षा देण्यावरची बंधनंही अलीकडे वाढली आहेत, तेव्हा तुमच्या वर्षाची नियमावली स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. एक मात्र बघितलं आहे. प्रशिक्षणाच्या काळात एक पाय बाहेर ठेवणाऱ्यांचं प्रशिक्षण कच्चं राहतं, आणि पहिल्या नेमणुकीत हाताखालचा तीस वर्षं मुरलेला पर्यवेक्षक ते दोन दिवसांत ओळखतो.

सेवा निवडताना त्या सेवेतल्या आयुक्तांना भेटू नका. ते तुम्हाला तीस वर्षांचा गौरव सांगतील, मीही आता तेच करते आहे. सात-आठ वर्षं झालेल्या, नुकतं लग्न झालेल्या, दोन बदल्या बघितलेल्या अधिकाऱ्याला गाठा. गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलं, रात्री शेवटचा फोन किती वाजता आला, पुढची बदली कुठं होईल असं वाटतं आणि ती टाळता येते का, एवढं विचारा. पुण्यात आयकर, सीमाशुल्क, रेल्वे, संरक्षण लेखा, टपाल या सगळ्यांची कार्यालयं आहेत. आधी ईमेल करून वेळ मागितली तर बहुतेक जण देतात. मुलाखतीतही याचा उपयोग होतो, कारण पसंतीक्रम मंडळासमोर असतो. आयकर आयपीएसच्या वर का लिहिलं, असं कुणी विचारलं की "आवडतं" एवढ्यानं भागत नाही, आणि "मी दोन अधिकाऱ्यांना भेटलो, त्यांचं काम असं असं आहे" या उत्तरापुढे प्रश्न सहसा वाढत नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवर माझा क्रम मागाल तर असा लिहीन: आयएएस पहिली, केडरचा धोका पत्करून, आणि तो नकोच असेल तर तीही खाली आणायची मुभा आहे. दुसरी आयकर. तिसरी संरक्षण लेखा, पुण्यामुळे आणि पदवीमुळे. मग रेल्वे ट्रॅफिक, रात्रीचा फोन चालत असेल तर, नाहीतर रेल्वे अकाउंट्स तिच्या वर. मग लेखापरीक्षा, सीमाशुल्क, कॉर्पोरेट विधी, टपाल, संरक्षण संपदा. त्यांच्याखाली आयपीएस, खरोखर जायचं असेल तरच. नागरी लेखा आणि दूरसंचार वित्त त्यानंतर. आयएफएस आणि गट ब च्या सेवा मी लिहिणारच नाही, पण एमपीएससीचा अर्ज भरलेला आणि फी भरलेली असेल, तरच.